तुमच्या लेकीची शाळा, माझ्या नातीची शाळा

मॅडम,

शाळेचे लोक तुमच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढत आहेत. तांड्यातून कोणीतरी लिहावं म्हणून ते माझ्या दारात आले, कारण या वयाच्या बायकांत लिहिता येणारी मीच आहे. बाकीचे काय लिहितील ते मला आताच माहीत आहे. हसतमुख होत्या, मुलांवर जीव होता, शाळेला वाहून घेतलं होतं. बदली झालेल्या माणसाबद्दलही हेच लिहितात आणि मेलेल्याबद्दलही. मी म्हटलं, लिहीन, पण जे बोलायचं ते मॅडमशीच बोलेन. माझं शुद्धलेखन सुधारायचं तर सुधारा, वाक्यं बदलू नका. ते हो म्हणाले. छापून आल्यावर बघेन.

तुमच्यावर माझा भरवसा नव्हता. हे मी तुमच्या तोंडावर बोलले होते, म्हणून इथं लिहायला लाज नाही.

पहिल्या दिवशी तुम्ही गाडी लिंबाखाली लावली आणि थेट माझ्या अंगणात येऊन म्हणालात, "याडी, राम राम." आमच्या बोलीत याडी म्हणजे आई. मी ज्वारी पाखडत होते. सूप खाली ठेवलं नाही.

"मी तुमची याडी कवा झाली?"

"आजपासून," तुम्ही म्हणालात आणि हसलात.

मला ते आवडलं नाही. ज्याला आमच्या बोलीतला एकच शब्द येतो तो माणूस तोच शब्द पुढं करून दारात येतो. मतं मागायला येणारे याडी म्हणतात. विम्याचे कागद घेऊन आलेला पोरगाही याडीच म्हणाला होता, तो पुन्हा दिसला नाही. याडी म्हणणाऱ्याला काय हवं आहे ते कळेपर्यंत मी चुलीवर चहा ठेवत नाही. तुम्हाला त्या दिवशी चहा मिळाला नाही, आठवत असेल.

तुम्ही शाळेबद्दल विचारलं, पोरांबद्दल विचारलं. मी विचारलं तेवढंच सांगितलं. माझा मुलगा किसन आणि सून दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात, पार कोल्हापूरकडे, आणि होळीच्या आगेमागे परततात. त्यांची पोरगी पायल माझ्याजवळ राहते, तुमच्या शाळेत दुसरीत आहे. घरी आम्ही आमच्याच बोलीत बोलतो, गोरबोलीत. (या लेखात घरचं बोलणं मी मराठी करून लिहिते आहे. आमच्या बोलीत लिहिलं तर पुस्तक काढणारेच वाचू शकणार नाहीत. तुमचं-माझं भांडण इथूनच सुरू होतं.)

महिनाभरानं तुम्ही नळावर मला गाठलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "याडी, पायलला अक्षरं येतात, पण वाचताना एका वाक्यापुढे जात नाही. थांबून राहते. माझ्याकडे बघत राहते. ती थोडी मागे आहे का?"

मी हंडा उचलला आणि घरी आले. पायलला चुलीपाशी बसवलं, पुस्तक दिलं. मी भाकरी थापत होते, ती वाचत होती. पान संपलं, दुसरं पान संपलं. कुठं अडली नाही. मला वाटलं, या बाईला शिकवता येत नाही आणि पोरीला मंद म्हणते. दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या पायरीवर येऊन तसं बोलले.

"घरी वाचते अन् शाळेत नाई वाचत, तं दोष कोनात हाय?"

"माझ्यात असू शकतो," तुम्ही म्हणालात.

इतक्या लवकर चूक कबूल करणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो. भांडणारा माणूस निदान भांडतो तरी.

मग तुम्ही वर्गात आमच्या बोलीत बोलायला लागलात. जेवढी शिकला होतात तेवढीत. "बाटी खादी?" म्हणजे भाकरी खाल्ली का, हे तुम्ही सकाळी विचारायचात, दुपारी विचारायचात, आणि एकदा संध्याकाळी तांड्याच्या प्रमुखाच्या, नाईकाच्या दारात मयत असताना त्याच्या भावालाही विचारलंत. पोरं तोंडावर हात धरून हसायची. भिंतीवर चित्रं लावलीत, त्यांच्याखाली मराठी शब्द आणि त्याच्याखाली आमचा शब्द. मी दारातून ते पाहिलं आणि मला राग आला. अजूनही येतो.

तुमच्याशी माझं पहिलं खरं भांडण त्यावरून झालं. मी म्हटलं, बोली आमच्या घरी फुकट मिळते, त्यासाठी पोरं शाळेत पाठवत नाही. शाळेत आमच्याजवळ नाही ते द्या. मराठी द्या, हिंदी द्या, इंग्रजी द्या. तुम्ही आमचीच ज्वारी आम्हाला परत मोजून देता आणि म्हणता शिकवलं.

तुम्ही म्हणालात, "जे कळतं त्याच्यावरून न कळणाऱ्याकडे जाता येतं, याडी. काहीच कळत नाही तिथून कुठे जाणार?"

मी सांगितलं, मी गेले. आमच्या वेळी तांड्यात शाळा नव्हती. नाला ओलांडून गावच्या शाळेत जावं लागायचं. तांड्याची पोरं दाराजवळ, चपला काढायच्या जागी बसत. गुरुजी आमच्या बोलीतला शब्द ऐकला की छडी मारत. मी पहिलं वर्ष तोंड उघडलं नाही. नुसतं ऐकलं. दुसऱ्या वर्षी बोलले तेव्हा मराठीतच बोलले. चौथी पास झाले. म्हणून ढाणकीच्या बाजारात मला वजनाच्या काट्यावर कोणी फसवलं नाही, आणि म्हणून आज हे लिहिते आहे. छडीनं माझं काही वाकडं झालं नाही.

तुम्ही विचारलंत, "तुमच्याबरोबर दाराजवळ बसणाऱ्या बाकीच्या पोरींचं काय झालं?"

मी सांगितलं. माझी बहीण पोळ्यापर्यंत टिकली. दुसऱ्या दोघी त्याआधीच गुरं राखायला गेल्या. बहीण मरेपर्यंत अंगठा लावत होती.

 तुमचा तो प्रश्न मला शिवीसारखा लागला. मी उठून आले. पण खरं सांगते, त्या दिवसानंतर गुरुजींच्या छडीची बढाई मी कोणापुढं मारली नाही. तुम्ही मला हरवलंत असं नाही. बहीण आठवली, एवढंच.

तुम्ही पायलचं काय ओळखलंत, ते तुमच्या बाजूनं लिहायला हवं, कारण तिथं तुम्ही होता म्हणून ते झालं. दुपारची वेळ होती, शाळा सुटली होती. तुम्ही मोबाईल घेऊन ओसरीवर बसलात आणि गोष्ट सांगा म्हणालात.

"काहून?"

"शनिवारी पोरांना सांगायला."

"मोबाईल कायले पायजे?"

"मला तुमच्यासारखी सांगता येत नाही म्हणून."

मोबाईल आत ठेवा म्हटलं. फोटो आणि आवाज काढून नेणारे लोक मी पाहिले आहेत. आमच्या बायकांच्या घागऱ्याचे आणि काचेच्या कामाचे फोटो नेतात, पुढं ते कुठं जातात कोणाला ठाऊक. तुम्ही मोबाईल पिशवीत टाकलात. मी सुरू केलं. आमचे जुने लोक बैलांवर मीठ लादून रानोरान फिरत, त्यातल्या एका अडेल बैलाची गोष्ट. पहिलं वाक्य सांगितलं आणि थांबले. तुम्ही माझ्याकडे बघत बसलात. मीही बघत बसले.

पायलनं तुमच्या गुडघ्याला ढोसलं. "मॅडम, हूं म्हना."

"का?"

"नाईतं दादी पुढं सांगत नाई."

आमच्यात गोष्ट अशीच सांगतात. सांगणारा एक वाक्य सांगतो, ऐकणारा हुंकारो देतो, म्हणजे हूं म्हणतो, मग पुढचं वाक्य. हूं आलं नाही म्हणजे ऐकणारा झोपला, नाहीतर त्याला ऐकायचं नाही. जुने लोक रानात अंधारात पडल्या पडल्या गोष्टी सांगत, तेव्हा कोण जागं आहे हे कळायला दुसरं साधन नव्हतं. हूं नसताना पुढं बोलत राहणं म्हणजे भिंतीशी बोलणं. शहाणं माणूस तसं करत नाही.

तुम्ही हूं म्हणालात. मी दुसरं वाक्य सांगितलं. पण तुमचं लक्ष गोष्टीत नव्हतं, तुम्ही पायलकडे बघत होता. मधेच मला हातानं थांबवलंत, जे मला अजिबात आवडलं नाही, आणि तिला म्हणालात, पुस्तक आण. तिनं धडा काढला, एक वाक्य वाचलं आणि थांबली. तुमच्याकडे बघत राहिली.

तुम्ही म्हणालात, "हूं."

तिनं दुसरं वाचलं. पुन्हा थांबली. तुम्ही पुन्हा हूं म्हणालात. धडा संपला.

पोरीला वाचता येत होतं. ऐकणारा ऐकतो आहे की नाही, याची ती वाट बघत होती, आणि अख्ख्या वर्गात तिला कोणी हूं म्हणत नव्हतं. मी घरी भाकरी थापता थापता म्हणत होते, म्हणून ती घरी वाचत होती. माझ्या तोंडून ते जात होतं हे मलाही माहीत नव्हतं. जे तोंडातून रोज जातं ते आपल्याला ऐकू येत नाही.

तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "रडता कायले? वाचते ना पोट्टी." पण त्या दिवशी चहा ठेवला.

तुम्ही पुढं जे केलं ते मी जवळून पाहिलं, कारण मला वाटत होतं तुम्ही पोरीला लाडानं बिघडवणार. मी विचारलं होतं, मोठ्या शाळेत, परीक्षेत हूं कोण म्हणणार? तुम्ही म्हणालात, काढून घेऊ, हळूहळू. आधी सगळा वर्ग हूं म्हणायचा. मग एकट्या तुम्ही. मग तुम्ही आवाज बंद करून नुसती मान हलवायला लागलात. त्याच्यापुढं तुम्हाला मानही बंद करायची होती. जनावराच्या पिल्लाचं दूध तोडावं तसं. काम नीट होतं, हे मी मान्य करते. त्याच दिवसांत पायल प्रश्न विचारायला लागली. चंद्र आपल्याबरोबर का चालतो, कारखान्यावर साखर होते तर तिचे बाबा गूळ का आणतात. आधी आमच्या बोलीत विचारायची, तुम्ही मराठीत उत्तर द्यायचात, मग ती अर्धं अर्धं करून विचारायची. घरी येऊन माझं डोकं खायची. मला त्या पोरीचा आवाज तेवढा कधी ऐकायला मिळाला नव्हता.

आणि नेमके मान हलवण्याच्या दिवसांत तालुक्याहून तपासणीचे साहेब आले.

शनिवार होता. मला गोष्ट सांगायला बोलावलं होतं, म्हणून मी वर्गात कोपऱ्यात बसले होते. साहेबांनी पायललाच उभं केलं. तिनं एक वाक्य वाचलं आणि साहेबांकडे बघितलं. साहेब हातातल्या मोबाईलवर वेळ बघत होते. तुम्ही त्यांच्या मागं उभ्या होता. तुम्ही मान हलवली. पायलनं पुढचं वाचलं. तुम्ही पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदा साहेबांनी मागं वळून पाहिलं.

"मॅडम, मान कायले हलवून राह्यल्या? सुचवून राह्यल्या का पोरीले?"

तुम्ही त्यांना सगळं समजावून सांगितलं, हुंकारो, गोष्ट, तांड्याची रीत. ते ऐकत होते, पण विश्वास नव्हता. खरं सांगते, मी त्यांच्या जागी असते तर मीही ठेवला नसता. मास्तरीण पोरीच्या समोर उभी राहून खुणा करते आणि वर सांगते की ही यांची जुनी चाल आहे. साहेब जाताना म्हणाले, "तुमच्या शाळेचं वाचन मी पुन्हा पाहीन, अन् तवा तुमी भायेर उभ्या राहा." हे सगळ्या पोरांसमोर बोलले. पायलला वाटलं तिनं चोरी केली. तिनं त्यानंतर आठवडाभर शाळेत वाचलं नाही.

मी तुमच्याशी भांडले. तुमचं नाव गेलं तर गेलं, पोरीचं काहून घालवता म्हटलं. तुम्ही म्हणालात, "घाई करायला हवी होती, मी लाड केले." पुन्हा तीच लगेच कबुली. तेव्हा मात्र मला संशय आला नाही, तुमचा चेहरा उतरला होता.

फोनवर किसनच्या कानावर गेलं. तो उसाच्या फडात होता. त्यानं एवढंच ऐकलं, की शाळेत बाई खुणा करून वाचायला लावते आणि साहेबानं पकडलं. तो तिथूनच म्हणाला, आता ही शाळा बस. पुसदजवळ वसतिगृहाची इंग्रजी शाळा आहे, जूनमध्ये तिथं टाकतो.

होळीला तो आला आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या ओसरीवर आलात. तो बसला होता, हातावर उसाच्या पात्यांनी कापलेलं अजून भरलं नव्हतं. तुम्ही त्याला एक वर्ष मागितलं. म्हणालात, "आता कुठे ती विचारायला लागली आहे. तिचं मराठी अजून पक्कं नाही. आत्ता उचलून इंग्रजीत बसवली तर पुन्हा गप्प होईल, आणि तिथे कोणाच्या लक्षात येणार नाही. एक वर्ष थांबा, मग मीच तुमच्याबरोबर येते शाळा बघायला."

किसन म्हणाला, "मॅडम, मुकादम आमाले हिंदीत शिव्या देते. कारखान्याचे सायेब इंग्रजीत बोलतात. मराठीत आमाले रांगेत उभं करतात. आमची बोली फक्त बैलांले समजते. माही पोट्टी बैलाशी बोलाले शिकवाची का मी?"

तुम्ही म्हणालात, "नाही. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याशी बोलता यावं, म्हणूनच म्हणते."

मग मी विचारलं. मी बराच वेळ तो प्रश्न मनात ठेवला होता.

"मॅडम, तुमची लेक कोनत्या शाळेत हाय?"

तुमचं घर यवतमाळला. तुम्ही आठवडाभर ढाणकीला खोली करून राहायचात, शनिवारी दुपारी घरी जायचात. तुमचे सासरे, तुमचे यजमान, सगळे कचेरीतले लोक. लेकीबद्दल तुम्ही कधी फार बोलत नव्हता.

"इंग्रजी शाळेत," तुम्ही म्हणालात.

"पयल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"तिची घरची बोली मराठी ना?"

"हो."

"मंग?"

तुम्ही तांब्यातलं पाणी प्यायलात. किसन तोंड फिरवून हसला. तुम्ही म्हणालात, "याचं उत्तर मी तुम्हाला देईन, याडी. आज नको."

मला बरं वाटलं. चोर सापडल्यावर वाटतं तसं. तुम्ही गेल्यावर किसनला म्हटलं, बघ, या लोकांचं असंच असतं. स्वतःच्या पोरांना इंग्रजी आणि आपल्याला सांगतात तुमची बोली किती गोड. शिवाय तांड्यातली पोरं वसतिगृहात गेली की शाळेचा पट कमी होतो, पट कमी झाला की मास्तरांची बदली होते. पायल तिला पटावर पाहिजे, दुसरं काही नाही. हे सगळं मी बोलले. तसंच मला वाटत होतं.

मग तुम्ही येणं बंद केलंत. रजेवर आहेत म्हणाले. मी म्हटलं, उत्तर नव्हतं म्हणून पळाली, बदली करून घेतली असेल. हे मी नळावर चार बायकांसमोर म्हटलं. तेव्हा तुम्ही दवाखान्यात होता. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि तुम्ही गेल्याची बातमी आली.

बायका मला म्हणाल्या, तू काय काय बोललीस तिला. मी म्हटलं, ती जिवंत होती म्हणून बोलले. माणूस पुढं मरणार आहे हे धरून कोणी भांडत नाही.

मी यवतमाळला आले, तेरवीनंतर. उमरखेडहून गाडी धरली. तुमच्या घरी मला खुर्चीवर बसवलं, मी खाली बसत होते तरी. तुमचे यजमान दोन शब्द बोलले आणि आत गेले. मग तुमची लेक आली, पाण्याचा पेला घेऊन. ईशा. तुमच्यासारखीच दिसते, पण चालते ताठ.

"तुम्ही याडी आहात ना?"

मी हो म्हटलं.

"मम्मी हॉस्पिटलमध्ये तुमच्याबद्दल बोलत होती. तुम्ही तिला माझ्या स्कूलचं विचारलं होतं."

"इचारलं होतं. ती काय म्हनली?"

"तिने मलाच विचारलं. की क्लासमध्ये काही समजलं नाही तर मी काय करते."

"मंग तू काय करते?"

"काही नाही. पाठ करून टाकते. मॅमला कळत नाही." ती पेल्याकडे बघत होती. "सगळेच करतात."

"मंग मम्मी काय म्हनली?"

"म्हणाली, इतक्या वर्षांत मी तुला हे विचारलंच नाही."

एवढंच. मी पाणी प्यायले. पोरीला हे कोणी पढवून ठेवलं असेल, असंही मला वाटून गेलं. मेलेल्या बाईवर संशय घेणं बरं नाही, पण आला तो आला. मग वाटलं, पढवणारी असतीस तर असलं उत्तर कशाला पढवलं असतंस. यात तुमची कुठं बाजू येते?

मॅडम, तुम्हाला तू म्हणून गेले, राहू द्या.

परतीच्या गाडीत मी त्यावर बराच विचार केला. माझी नात गप्प बसते हे तुम्हाला पहिल्या महिन्यात दिसलं. तुमची लेक गप्प बसते हे दिसलं नाही, कारण तिला मार्क चांगले पडत होते. तुम्ही मला फसवत नव्हता. तुम्हाला ते खरंच माहीत नव्हतं. पट राखायला आलेली बाई दवाखान्यात पडून लेकीला असलं विचारत बसली नसती. एवढा संशय मी मागं घेते.

पण माझा मुद्दा मागं घेत नाही, आणि तुम्ही उत्तर द्यायला राहिला नाहीत म्हणून तो सोडणारही नाही. ईशा न कळता पाठ करते, आणि उद्या कुठंतरी साहेब होईल. तिच्या मागं तुमचं घर आहे, घरात पुस्तकं आहेत, विचारायला माणसं आहेत. नाही कळलं तरी ती पडणार नाही. पायलला सगळं कळलं तरी ती उभी राहील याची हमी कोण देणार? तुम्ही म्हणायचात, आधी कळू द्या. किसन म्हणतो, आधी साहेबाची भाषा येऊ द्या, कळायचं ते मागून कळेल. मी त्याच्या बाजूची होते. आता कोणाच्या बाजूची आहे ते मलाच नीट सांगता येत नाही. तुमच्याशी भांडले असते तर कदाचित कळलं असतं. ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात. याचा मला राग आहे, आणि रडण्यापेक्षा राग बरा म्हणून मी तो धरून ठेवला आहे.

गेल्या आठवड्यात वसतिगृहाच्या शाळेतून किसनला फोन आला, पोरीला कधी आणता. तो कपडे करून निघाला होता. मी पायलला जवळ बोलावलं. आतापर्यंत तिला कोणी विचारलं नव्हतं, मी नाही, किसननं नाही, आणि मॅडम, तुम्हीही नाही.

मी म्हटलं, "त्या शाळेत काही कळलं नाही तर काय करशील?"

ती म्हणाली, "विचारीन."

किसन म्हणाला, बघ, पोरीला भीती नाही, उगाच मागं ओढू नको.

पायल दारात उभी राहून विचार करत होती. मग तिनंच पुढं विचारलं, "दादी, तिथं कोणत्या बोलीत विचारू?"

मी किसनकडे पाहिलं. किसननं चपला घातल्या होत्या. त्याला हिंदीत शिव्या समजतात, मराठीत रांग समजते. तिथल्या बाईला प्रश्न कोणत्या बोलीत विचारायचा हे त्याला माहीत नव्हतं, आणि मला तर मुळीच नाही. तो म्हणाला, "मॅडम तर गेल्या. आता इथं ठेवून तरी कोण शिकवणार?"

त्याचं बरोबर आहे. तुमच्या जागी कोण येणार ते कोणाला माहीत नाही. छडी घेऊन येणाराही येईल. तरी मी म्हटलं, एक वर्ष. नवा मास्तर येऊ दे, मी रोज दारात जाऊन बसेन, पोरगी विचारते की नाही ते बघेन. विचारायची थांबली तर त्याच दिवशी तू तिला घेऊन जा, मी तोंड उघडणार नाही.  किसन चपला काढून आत गेला.

तेव्हा तुम्ही मागितलेलं वर्ष मी दिलं आहे. पटलं म्हणून दिलं असं समजू नका. पायल वर्षभरात मागं पडली तर दोष तुमचा धरीन. मेल्यात म्हणून सोडणार नाही.